अश्विनीचं लग्न कुणी मोडलं

हे मी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, ज्यांच्यासोबत इतकी वर्षं एकाच गाडीतून गावोगाव फिरले त्यांच्याजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि ओळखत असाल — तर असू द्या.

लोकांच्या गोष्टी ऐकून त्या दुसऱ्या लोकांना सांगणं, हे माझं काम. आमच्या क्षेत्रात त्याला भारदस्त नावं आहेत. लोकसहभाग, समाजसंवाद, जनजागृती. सोपं करून सांगायचं तर गावात जायचं, बायकांमध्ये मांडी घालून बसायचं, कुणावर काय गुदरलं ते ऐकायचं, आणि ते कागदावर असं उतरवायचं की दूरच्या माणसानं वाचून काहीतरी करायला उठावं. मला ते जमतं. नम्रपणा म्हणून नाही कशाला म्हणू? आज मी लातूरला, पुण्याला, नागपूरला जाऊन नव्या मुलामुलींना हेच शिकवते. आणि शिकवताना सुरुवात नेहमी एकाच गोष्टीनं करते. त्या गोष्टीवरच मी उभी आहे.

त्या गोष्टीबद्दलच सांगायचंय. पण आधी मी कोण होते ते सांगते — उशीर करतेय, कळतंय मला.

माझे वडील तुळजापुरात एका शाळेत क्लार्क होते. देवळाच्या मागच्या अंगाला, लॉजच्या गल्लीत आमचं घर. माझं डी.एड. झालं आणि शिक्षकांच्या जागाच निघेनात. तीन वर्षं वाट बघितली. मग ओळखीतून धाराशिवच्या एका संस्थेत कार्यकर्ती म्हणून लागले. बेंबळीकडची काही गावं माझ्याकडं दिली. गावातल्या वयात येणाऱ्या मुलींचा गट बांधायचा, आठवड्याला बैठक घ्यायची, शाळा सुटू नये, लग्नाची घाई होऊ नये, यासाठी घरोघर बोलायचं. स्कूटीवर जायचे. अक्षर चांगलं आणि लिहायची हौस, त्यामुळं संस्थेच्या साहेबांनी पहिल्याच वर्षी संस्थेच्या अहवालातलं लिखाणही माझ्यावर टाकलं. घरी वाटायचं, ही तात्पुरती नोकरी. मला तसं वाटत नव्हतं. मला यातच मोठं व्हायचं होतं.

मुलीचं नाव अश्विनी म्हणू. नाव मी तेव्हाही बदललं होतं, आताही बदलतेय. गावाचं नाव सांगत नाही. बेंबळीच्या पुढं, एवढं समजा.

अश्विनी नववीत होती. वडील सोलापूरला ट्रकवर, महिना-दोन महिन्यांनी घरी यायचे. घर चालायचं ते चुलत्याच्या शब्दावर. हा चुलता ग्रामपंचायतीत सदस्य होता. आमच्या बैठकांना समाजमंदिराची किल्ली त्याच्याकडूनच मिळायची, सतरंजीसुद्धा त्याच्याच घरची. त्यानं अणदूरकडचं एक स्थळ आणलं आणि तारीख धरली. अश्विनीनं मला गटात सांगितलं. मग स्वतः जाऊन मुख्याध्यापकांनाही सांगितलं. हे तिनं खरंच केलं. त्यात माझा एकही शब्द जास्तीचा नाही. ग्रामसेवक घरी आले, चुलत्याकडून लिहून घेतलं की मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही.

पण घरातली तयारी थांबली नाही. चुलत्यानं बायकांना सांगितलं, इथं नको, मुलाकडं नेऊन उरकू. अश्विनीच्या डोळ्यांदेखत तिच्या आईनं जात्यावर हळद दळली. पोर दोन दिवस जेवली नाही. आई काही बोलली नाही. दळत राहिली.

आणि आठ दिवसांनी मुलाकडूनच निरोप आला — आम्हाला हे स्थळ नको. कारण सांगितलं नाही. गावानं धरलं की तक्रारीला घाबरले. अश्विनीनंही तेच धरलं. मीही.

तिच्या आईचं नाव मंगलबाई म्हणते. महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले होते, दुपारची. मंगलबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी अश्विनीचं कौतुक केलं, पोरीनं हिंमत केली म्हणाले. त्या व्हय म्हणाल्या. सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. आणि मग त्यांनी सांगितलं.

खंडोबाला जाऊन येते असं सांगून त्या एकट्या अणदूरला गेल्या होत्या. देवळात गेल्या आणि तिथनं विचारत विचारत मुलाच्या घरी. मुलाच्या आईला बाजूला घेतलं आणि सांगितलं की माझ्या पोरीला फिट येतात. फेस येतो, दातखीळ बसते. तुम्हाला फसवून देतायत, मला बघवत नाही म्हणून आले. त्या बाईला खरं वाटेना. तिनं देव्हाऱ्यातला भंडारा आणून समोर धरला, म्हणाली, खंडोबाची आण घेऊन सांग. मंगलबाईंनी भंडारा उचलला. फक्त एवढं मागितलं की कारण कुणाला सांगू नका, पोरीच्या नावाला डाग लागेल. त्या बाईनं ते पाळलं.

परत आल्यावर राहिलेली हळद दळली. कुणाला संशय येऊ नये म्हणून.

"खोटा भंडारा उचललाय म्या," त्या म्हणाल्या. "कुटं लिवू नका, मॅडम. फिट येत्यात म्हणून एकदा नाव झालं तर तिला कोण करून घील? तिला सुदिक सांगू नका. लहान हाय, बोलून जाईल."

मी शब्द दिला. आणि हा शब्द मी पाळला, बरं का. पुढं जे केलं, ते शब्द पाळूनच केलं.

त्याच सुमारास संस्थेच्या पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आमच्याकडं एक नमुना आला होता. यशोगाथा कशी लिहायची त्याचा. तीन चौकटी होत्या. अडचण काय होती, विरोध कुणी केला, मुलीनं कशी मात केली. मी अश्विनीची गोष्ट लिहून पाठवली. मधली चौकट मोघम ठेवली — घरातल्या काही मंडळींचा विरोध, असं काहीतरी. कागद परत आला. वर लाल शाईनं लिहिलं होतं की गोष्ट चांगली आहे, पण मुलगी कुणाशी लढली ते दिसत नाही.

कुणाशी लढली? चुलत्याशी. मला माहीत होतं. पण चुलत्याचं नाव लिहिलं असतं तर समाजमंदिराची किल्ली गेली असती, आणि किल्लीबरोबर ते गाव. साहेबांनी मला विचारलं असतं की आता काय करायचं. वडिलांचं लिहावं, तर ते घरी नव्हतेच. राहिली कोण?

मंगलबाईंना वाचता येत नव्हतं.

मी चौकटीत "आई" लिहिलं. मग त्याला धरून बाकीचं लिहिलं. आई जात्यावर बसलेली, मुलगी समोर उभी. मुलगी म्हणते, हे जातं थांबव. आई म्हणते, बाईच्या जातीला शाळा कशाला? हे वाक्य मंगलबाई कधीच बोलल्या नव्हत्या. ते माझं आहे. एका दमात सुचलं होतं. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं, आणि — खरं सांगायचं तर — मला ते आवडलं.

फिटचं मी लिहिलं नाही, भंडाऱ्याचं लिहिलं नाही. शब्द दिला होता ना?

गोष्ट संस्थेच्या पुस्तिकेत आली. मग तिचे चित्रांचे तक्ते झाले, ते गावोगाव बैठकांत दाखवायला लागले. जात्यावरची बाई, तिच्या तोंडी ते वाक्य. मोठ्या कार्यक्रमांत अश्विनीला स्वतः बोलायला बोलवायचं ठरलं आणि तिची तयारी माझ्याकडं आली. ऑफिसच्या मागच्या खोलीत मी तिच्याकडून पाठ करून घेतलं. ती एका जागी अडली. म्हणाली, ताई, आई असं काही म्हणाली नव्हती, ती नुसती गप्प दळत होती. मी तिला समजावलं की गप्प बसणं हासुद्धा विरोधच असतो. लोकांना कळावं म्हणून आपण तो शब्दांत सांगतो. तिला पटलं. का पटणार नाही? तिनं आईला दळताना बघितलं होतं, आणि ताई खोटं सांगेल असं तिला वाटायचं काही कारण नव्हतं.

पहिला मोठा कार्यक्रम धाराशिवला एका सभागृहात झाला. अश्विनी अकरावीत होती तेव्हा. मुलींच्या घरच्यांना बोलावलं होतं. मंगलबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या, ठेवणीतली साडी नेसून, तिसऱ्या रांगेत बसल्या. मी माइकच्या शेजारी उभी होते. अश्विनी बोलायला लागली. ते वाक्य आलं. सभागृह गप्प झालं — दर वेळी होतं. मी मंगलबाईंकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत राहिले.

टाळ्या झाल्या. नंतर चहाच्या टेबलाजवळ त्या माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता बोलतील. हातात कप होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"पोरगी लई चांगली बोलली," त्या म्हणाल्या. "तिला न्हाय म्हाईत. तुमाला तर म्हाईत हाय."

मी म्हणाले, वरून तसं लिहून आलं होतं. पुण्याच्या लोकांनी बदललं, माझ्या हातात काही नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. असंल, म्हणाल्या. एवढंच. मग अश्विनीसाठी डब्यात काहीतरी आणलं होतं, ते द्यायला गेल्या. अश्विनी फोटो काढणाऱ्यांत होती. मंगलबाई डबा घेऊन बराच वेळ कडेला उभ्या होत्या.

मी पुढं गेले. कार्यकर्तीची समन्वयक झाले, मग संस्थेच्या लिखाणाची प्रमुख, मग दुसऱ्या संस्थांना शिकवायला जाणारी. जिथं गेले तिथं अर्ज करताना नमुना म्हणून तीच गोष्ट जोडली. अश्विनी नर्सिंगला गेली. सोलापूरच्या एका दवाखान्यात लागली. तिथंच ओळख झालेल्या मुलाशी लग्न केलं, चांगला मुलगा आहे. सणाला गावाकडं जायची, एक दिवस राहायची, परत यायची. मला मात्र फोन करायची. एकदा म्हणाली होती, ताई, मला घडवलं ते तुम्ही. मी नाही म्हणाले नाही.

तिच्या लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी मंगलबाई माझ्या घरी आल्या. तुळजापूरला दर्शनाला आल्या होत्या, लॉजच्या गल्लीत विचारत विचारत घर शोधलं. पाणी प्यायल्या आणि लगेच विषयावर आल्या. म्हणाल्या, आता तिचं लग्न झालं, आता फिटचं कुणाला काय पडलंय. आता सांगा तिला. मी सांगून तिला खरं वाटायचं नाही. तुमचं ऐकती ती.

बघा — आता शब्दाचीही अडचण राहिली नव्हती. ज्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं त्याच येऊन बोला म्हणत होत्या. मी म्हणाले, सांगते. त्यांच्या पिशवीत प्रसादाचे पेढे घातले, गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले.

सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात म्हटलं, फोनवर कसं सांगायचं. नंतर म्हटलं, ती भेटली की. मग म्हणायचंही सोडून दिलं. मंगलबाईंचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत.

शेवटी त्यांनी स्वतःच मुलीला सांगितलं. हे मला कसं कळलं? अश्विनी माझ्याकडं आली म्हणून. दवाखान्यातून सुट्टी काढून, आधी न कळवता, थेट धाराशिवच्या ऑफिसात. तिला तेव्हा दिवस गेलेले होते. समोरच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर धरून. म्हणाली, आई काहीतरी वेगळंच सांगायला लागलीय. म्हणते, लग्न तिनं मोडलं. अणदूरला जाऊन खोटी आण घेतली म्हणते. आणि म्हणते, हे मॅडमला तेव्हाच सांगितलं होतं.

"खरंय का, ताई?"

तुम्ही विचाराल, त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. मीही स्वतःला विचारलंय. फारसं काही चाललं नव्हतं. घालमेल झाली, घाम फुटला, असं काही सांगता आलं तर बरं वाटेल, पण तसं झालं नाही. त्या आठवड्यात पुस्तिकेची नवी आवृत्ती छापायला जाणार होती आणि तिच्यावर पहिल्यांदाच माझं नाव येणार होतं. त्याचा विचार डोक्यात आला, हे आठवतं. शेजारच्या टेबलावर आमचा हिशेबनीस डबा उघडत होता, हेही आठवतं.

मी म्हणाले, "नाही गं. मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही."

वर आणखी बोलले. तिनं विचारलंही नव्हतं तरी बोलले. म्हणाले, वय झालं की माणसाला मागचं वेगळं दिसायला लागतं, मुलगी दूर गेल्याचं दुःख असतं, तू मनावर घेऊ नको. आईला समजून घे. हो, असंच म्हणाले मी — आईला समजून घे.

अश्विनीनं मान हलवली. म्हणाली, वाटलंच मला. मग आम्ही चहा घेतला. तिच्या तब्येतीचं बोललो. जाताना ती माझ्या पाया पडली.

मंगलबाईंची खोटी आण निदान पोरीसाठी होती.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं आपल्याकडं. अश्विनीनं सासरीच केलं. मुलगी झाली. मला फोटो आला, बारशाचं आमंत्रण आलं. मी बारशाला गेले. मंगलबाई तिथं नव्हत्या. का नव्हत्या, ते मी विचारलं नाही. कुणी दुसऱ्यानंही विचारलं नाही.

त्यानंतर एकदाच त्या दिसल्या. तुळजापूरच्या स्टँडवर, दुपारची वेळ. मी सोलापूरच्या गाडीची वाट बघत होते, त्या बाकावर बसलेल्या. टाळता आलं असतं तर टाळलं असतं, पण त्यांनी आधीच बघितलं होतं. त्या सरकून बसल्या, मला जागा केली. नातीला बघून आल्या होत्या. तासभर बसले म्हणाल्या, पोरगी गोरी हाय, नाक आमच्यावर गेलंय. अश्विनीनं चहा केला, नाष्टा दिला, जावयानं रिक्षात बसवून दिलं. पाहुण्यासारखं केलं सगळं, म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही. सांगायचं म्हणून.

मी काहीतरी विचारलं, पावसाचं की काय. त्यांनी उत्तर दिलं.

"तुमी इसरला असाल," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. "इतक्या जणींचं ऐकता. कुणाकुणाचं ध्यानात ठेवणार?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं, की मला सुटायला वाट करून देत होत्या? मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हो," मी म्हणाले. "विसरले असेन."

धाराशिवची गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली, येते म्हणाल्या, आणि गर्दीतून आत जाऊन खिडकीशी बसल्या. मी माझ्या गाडीत बसले. त्या दिवशी सोलापूरला माझं प्रशिक्षण होतं. सुरुवात त्याच गोष्टीनं केली.

मी विसरले नव्हते. त्या दुपारी तूर निवडताना मंगलबाई जे बोलल्या, ते मला आजही जसंच्या तसं म्हणता येईल. अश्विनीचं लग्न तिच्या आईनं मोडलं. मला ते माहीत होतं, लिहितानाही आणि पाठ करून घेतानाही. आणि मुलगी समोर येऊन बसली, तिनं सरळ विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले.